मामांचा काचबिंदू आणि मामींचे उंदीर

माझे मामा शिंपी. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापावर त्यांचा विश्वास नसे, आणि स्वतः घेतलेलं मापही ते पुन्हा घेऊन बघत. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खायला सुरुवात केली, तेव्हा या संशयी स्वभावाला चांगलंच खतपाणी मिळालं.

मामी एका संशोधन संस्थेत उंदरांचे पिंजरे धुवायच्या. एकदा जेवताना त्या सहज बोलून गेल्या, "आमच्या मॅडमनी उंदरांचं एक जनुक बदललंय. पेशी आपल्या आपण मरतात ना, ते त्याने थांबतं. काचबिंदू झालेल्या उंदरांच्या डोळ्यांतल्या पेशी शाबूत राहिल्या."

मामांचा घास हातातच राहिला. "म्हणजे औषध आहे! आणि माझ्या डोळ्यांत तू हे पाणी घालतेस?"

त्या दिवसापासून त्यांनी डॉक्टरांनी दिलेले डोळ्यांत घालायचे थेंब बंद केले. मामींचा फोन वाजला की कान टवकारायचे. मॅडम बड्या लोकांना चोरून औषध देतात आणि मामींना गप्प बसवलंय, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं. मामी रडकुंडीला आल्या. शेवटी त्यांनी मॅडमना गळ घातली, आणि मी मामांचा हात धरून त्यांना संस्थेत नेलं.

मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. "पेशी जगल्या, हे खरं. पण डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे त्यांचे तंतू सुकले. शिवाय मरायला हवी ती पेशी मेलीच नाही, तर पुढे गाठ होऊ शकते."

"बोलायला काय जातंय," मामा म्हणाले. "दाखवा."

आतून काळ्यापांढऱ्या पट्ट्या असलेलं एक पिंप गरगरत होतं. मधल्या चौथऱ्यावर आधी निरोगी उंदीर ठेवला. पट्ट्यांमागोमाग त्याची मान वळत राहिली. मग काचबिंदू झालेला, जनुक बदललेला उंदीर ठेवला. तो नुसता नाक हलवत बसला.

मामांना एवढं बारीक दिसेना. "काय करतोय?"

"मान हलवत नाही हो," मामी म्हणाल्या.

"तुला नाही विचारलं." त्यांनी माझा दंड धरला. "तू सांग."

"मामा, त्याला दिसत नाहीये."

"तुलाही पढवून आणलंय?"

त्यांनी चाचपत माझ्या गालाला हात लावला, तो ओला लागला. मग पिंप थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

"मग ते थेंब?" निघताना त्यांनी मॅडमना विचारलं.

"गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही. उरलेली टिकायला मदत होते. बंद करायला नको होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वतःच मान वर करून बसले. "घाल," ते मामींना म्हणाले. तरी बाटलीवरचं नाव आधी माझ्याकडून वाचून घेतलंच.

पुढे डाव्या डोळ्याची नजर गेली. उजव्यात मधली थोडी नजर राहिली आहे, तेवढ्यावर मामा उशांचे अभ्रे शिवतात. मामींना यायला उशीर झाला तर कुठे होतीस, कोण भेटलं, सगळं विचारतात. उंदरांबद्दल मात्र विचारत नाहीत.