चोक धरून बसलेली दोघं

माझा मित्र सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या बाहेर एका शेतावर, बंद पडलेल्या हार्वेस्टरखाली आडवा होतो. शेतीची यंत्रं दुरुस्त करणं हेच माझं काम. फोन त्याच्या बायकोचा, माधवीचा होता. "विजय, सुधीर गेला रे. युनीतच. लेक्चर संपवून खुर्चीत बसला, तो उठलाच नाही." मग जरा थांबून म्हणाली, "त्याची गाडी तिथेच आहे, कारपार्कमध्ये." अशा वेळी ही गाडीचं काय घेऊन बसली, असं मला क्षणभर वाटलं. गाडी मी आणतो, एवढंच कसंबसं बोललो.

सगळे विधी उरकल्यावर मी ती आणायला गेलो. जूनची, इथल्या हिवाळ्यातली सकाळ होती. टूवूंबाची थंडी बाकीच्या क्वीन्सलँडला खरी वाटत नाही, पण काचेवर दव गोठलं होतं. सुधीरची ती फिकट हिरवी सेडान माझ्या जन्माआधीची, कार्ब्युरेटरवाली. ज्यांनी पुण्यात डिसेंबरात स्कूटर सुरू केली आहे त्यांना चोक म्हणजे काय ते सांगायला नको. इंजिन गार असताना चोक ओढायचा, तापत जाईल तसा हळूहळू आत सोडायचा. या गाडीचा चोक बाहेर ठरायचाच नाही. मी ओढला, किल्ली फिरवली, इंजिन लागलं, आणि गिअरकडे हात नेला तसा तो आपोआप आत सरकला. गाडी बंद. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी डाव्या हाताने चोकची मूठ धरून नुसता बसून राहिलो. शेजारची सीट रिकामी होती. तिच्याकडे पाहून मला रडू आवरेना.

सुधीर युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात, अकाउंटिंग शिकवायचा. बॉनेटखाली काय असतं याचं त्याला सुतराम ज्ञान नव्हतं. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ वृद्धाश्रमात निघाले होते, त्यांच्याकडून याने भावनेच्या भरात ती गाडी घेतली. चोकचा दोष मी पहिल्याच दिवशी शोधला होता. केबल झिजलेली, दुसरं काही नाही. मला बिघडलेली वस्तू बघवत नाही. कुणाकडे गेलो की गळका नळ, करकरणारं दार आधी दिसतं; आपल्याला जेवायला बोलावलंय, सर्व्हिसिंगला नाही, असं माझी बायको मला दारातच बजावते. त्यामुळे मी सुधीरच्या मागेच लागलो. केबल बदल, तासाभराचं काम आहे. तेवढं जमत नसेल तर मुठीमागे कपड्यांचा चिमटा लाव, जुन्या गाड्या असलेले सगळे तेच करतात. तो हसून म्हणायचा, "बघू रे, पुढच्या रविवारी." ते रविवार आले आणि गेले. एका वाढदिवसाला मी ब्रिस्बेनहून नवी केबल मागवून त्याच्या हातात ठेवली. त्याने मला मिठी मारली आणि पाकीट न फोडता डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं. मी मनात चरफडलो.

तेव्हा युनीत विद्यार्थ्यांची लाट आली होती. पुण्याची, पंजाबची, हैदराबादची, नेपाळची मुलं दर सेमिस्टरला वाढतच होती. सुधीरचे संध्याकाळचे वर्ग सुरू झाले, मग शनिवारचेही. त्यात नव्या मुलांना खोल्या शोधून दे, बँकेत घेऊन जा, घरची आठवण काढून रडणाऱ्याला वरणभात घाल, हे सगळं ओघाने आलंच. माधवी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करायची. तो घरी पोचायचा तेव्हा ती निघालेली असायची, आणि ती सकाळी परतायची तेव्हा तो निघण्याच्या घाईत. यांचा संसार फ्रिजमधल्या डब्यांवर चाललाय, अशी आम्ही थट्टा करायचो.

एकदा सकाळी कामावर जाताना त्यांचं इडलीपात्र परत द्यायला गेलो. कारपोर्टच्या छपराखाली गाडी सुरू होती. मागच्या काचेतून दोघं दिसली. स्टिअरिंगमागे सुधीर, शेजारी माधवी, अंगावर अजून हॉस्पिटलचं जॅकेट. उजव्या हाताने तिने चोक ओढून धरला होता, डाव्या हातात थर्मासचं झाकण. त्यातलाच चहा आळीपाळीने दोघं पीत होती. सुधीर काहीतरी हातवारे करून सांगत होता आणि ती रात्रभराच्या जागरणानंतरही हसत होती. चोक खरं तर सुधीरच्याच डाव्या हाताशी होता. त्याला तो सहज धरता आला असता. आणि आवाजावरून मला कळत होतं, इंजिन केव्हाच तापलं होतं. चोक आत सोडायला हवा होता, पेट्रोल फुकट जळत होतं... मी इडलीपात्र पायरीवर ठेवलं आणि आल्या पावली परतलो.

त्यानंतर केबलचा विषय मी काढला नाही. बऱ्याच महिन्यांनी सुधीरनेच विचारलं, "काय रे, हल्ली केबलचं विचारत नाहीस?" मी म्हटलं, काय विचारायचं त्यात. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळूच म्हणाला, "तेवढाच वेळ मिळतो रे आम्हाला."

तो आता तेवढाही मिळायचा नाही.

त्यांची मुलगी ईशा सिडनीला, स्कोफिल्ड्समध्ये असते. आईने घर आवरून आपल्याकडे यावं, गाडी विकून टाकावी असं तिचं म्हणणं. "मम, तुला ती स्टार्टसुद्धा करता येत नाही," असं ती माझ्यासमोरच म्हणाली. मुलीचं चुकत नव्हतं. ईशा परत गेली त्या आठवड्यात माधवीचा मला फोन आला. केबल बदलून देशील का, म्हणून. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते काम समोर आलं, आणि मीच म्हणालो, राहू दे ना ती तशीच.

"दोघं होतो तेव्हा ठीक होतं," ती म्हणाली. "मी इथेच राहणार आहे, विजय. आता ती मला एकटीला काढायची आहे."

काल गेलो. कप्प्यातलं पाकीट तसंच बंद होतं. कार्ब्युरेटरवरचा स्क्रू ढिला करून जुनी केबल ओढून काढली. तिची मूठ एकाच बाजूला घासून गुळगुळीत झाली होती, डाव्या सीटच्या बाजूला. ती मूठ सोडवून मी माधवीच्या हातात दिली. तिने ती खिशात ठेवली. नवी केबल बसवली, दोनदा ओढून पाहिली. जागच्या जागी घट्ट राहत होती. इतकं चोख काम करून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

बघ सुरू करून, मी म्हटलं. ती किल्ली घेऊन निघाली, गाडीला वळसा घालून गेली, डावं दार उघडलं आणि आत बसली. मग रिकाम्या स्टिअरिंगकडे तिचं लक्ष गेलं. किल्ली माझ्यापुढे धरत ती म्हणाली, "उद्यापासून मी बसेन तिकडे. आज तू सुरू कर."

मी सुधीरच्या जागी बसलो. चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, चोक हलला नाही. तरी तिचा उजवा हात पुढे आला आणि तिने मूठ धरली. आता धरायला नको, तो राहतो, मी सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

इंजिन तापलं. मला आवाजावरून कळलं. मी काही बोललो नाही.