बुटकं स्टूल

मुकादमानं खुर्ची टेबलावर चढवली आणि दोन हमालांना सांगितलं, "उचला हिला." त्यांनी मला उचलून त्या खुर्चीत बसवलं. माझी कुबडी मुकादमानं स्वतःच्या हातात धरली. मग शेडमधल्या बायांकडं वळून म्हणाला, "महाराणीला खाली बसवत न्हाई. वाजवा टाळ्या." बायांनी वाजवल्या.

नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीची ती शेड. ताडपत्रीवर मांडी घालून बसायचं आणि सुपात कपाशीचं बी घेऊन फुटकं, किडकं वेगळं काढायचं, हे आमचं काम. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. मांडी घालता येत नाही. तासाभरात कंबर मोडते. मी फक्त एक बुटकं स्टूल मागितलं होतं.

जेवणाची सुट्टी होईपर्यंत मी तिथंच. कुबडीशिवाय उतरणार कशी? त्या दिवशी मी सगळ्यांसमोर रडले, याचा मला आजही राग येतो.

गावातल्या मस्तगड भागात आमच्या घराशेजारी शमीम आपा राहतात. त्याही कुबडीवर चालतात. शिलाई करतात आणि आमच्यासारख्यांचे अर्ज भरून देतात. मी त्यांना विचारलं, "मालकाला सांगून पाहू का, मेहेरबानी करा म्हून?"

आपांनी मशीन थांबवलं.

"मेहेरबानी बिलकुल न्हाई. कायद्यात त्याला वाजवी सोय म्हणतेत. तुला दुसऱ्यांच्या बराबर काम करता यावं म्हून मालकानं जो बदल करायचा, तो. त्यांना सूप देतेत, तुला स्टूल द्यायचं. आन कुबडी मंजे सहायक साधन. ती तुजा पायच धरायची. तिला हात लावला, मंजे तुज्या पायाला हात लावला."

"आन मला टेबलावर चढवलं, ते?"

"लोकांदेखत जाणूनबुजून अपमान. गुन्हा हाय तो. जेल होते."

जेल. किती साधा, सगळ्यांना कळणारा शब्द! घरी पोहोचेपर्यंत मी तोच पुटपुटत होते.

पोलिसांत तक्रार दिली. कुणकुण लागताच मुकादमानं मला कामावरून काढलं. मग मी रोज शेडच्या फाटकाशी उभी राहू लागले. एकेका बाईला गाठून आपांचे शब्द समजावून सांगितले. म्हटलं, "टाळ्या तुमीच वाजवल्या. आता साक्ष बी तुमीच द्या." बऱ्याच जणी नजर चुकवून गेल्या. माझ्या शेजारी बसणारी कांताबाई तेवढी थांबली.

"लई लाज वाटून राह्यली बाई. मी येते."

तिचा जबाब झाला, केस कोर्टात उभी राहिली. परवा मुकादम घरी आला. हातात नवंकोरं लाल स्टूल. पहिल्यांदाच मला अहो-जाहो करत होता.

"ताई, वाजवी सोय मंजे काय, ते मला ठावंच नव्हतं. हे स्टूल घ्या. उद्यापून कामावर या. तेवढी तक्रार मागं घ्या."

"शब्द ठावं नव्हता. मी वर बसून रडून राह्यले होते, ते तं दिसत होतं ना?"

त्यानं स्टूल खाली ठेवून हात जोडले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

स्टूल मी ठेवून घेतलं. ते माझ्या हक्काचं होतं. कामावरही जाते आहे, आता मला काढायची त्याची हिंमत नाही. तक्रार मागं घेतली नाही. कोर्टाच्या तारखेला हेच स्टूल सोबत नेणार आहे. त्याच्यावर बसून, मुकादमाच्या डोळ्यांत बघत सगळं सांगणार आहे. टाळ्यांसकट.