सत्त्याऐंशीव्या पानापर्यंतची विद्वत्ता

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबन गावच्या मतदारांवर मी पीएच.डी. केली. मुकुटबनचे लोक मत देताना विचार करत नाहीत, असा माझा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष मला मुकुटबनमध्ये सापडला नव्हता. तो अमेरिकेतल्या एका जुन्या पुस्तकात होता, आणि त्या पुस्तकाची मी सात पानं वाचली होती.

सातच का, ते सांगतो. आमचे गाइड, म्हणजे सर, जिल्ह्यातले राज्यशास्त्राचे सगळ्यांत मोठे अभ्यासक मानले जात. त्यांच्याकडे नाव नोंदवलं की पहिल्याच भेटीत ते लोखंडी कपाट उघडायचे, एक पिवळी फाइल काढायचे आणि प्रसाद द्यावा तशी दोन्ही हातांनी द्यायचे. फाइलमध्ये त्या पुस्तकाच्या एक्क्याऐंशी ते सत्त्याऐंशी या पानांची झेरॉक्स असे. आपण तिची झेरॉक्स काढायची आणि फाइल परत करायची. झेरॉक्सवरून झेरॉक्स निघत गेल्याने माझ्या वेळेपर्यंत डाव्या कडेचे शब्द पुसट झाले होते, ते अंदाजाने वाचावे लागत.

"आपलं सगळं याच्यावर उभं आहे," सर म्हणाले. "आधी हे पचव. मग फील्डवर जा."

पुस्तक तिकडच्या राष्ट्राध्यक्षाच्या एका निवडणुकीवर होतं. कोण्या प्राध्यापकाने त्या निवडणुकीच्या वेळी शेतीवाडीच्या एका लहानशा भागात मुक्काम ठोकला, घरोघर जाऊन लोकांशी बोलला आणि हे लिहिलं. तो राष्ट्राध्यक्ष निवडून आला, राज्य करून गेला, वारलाही. पुस्तक मात्र आमच्याकडे जोरात होतं. सत्त्याऐंशीव्या पानाच्या तळाशी त्याचं सार होतं. माणूस विचार करून मत देत नाही. बापाने जिथे दिलं तिथे देतो, आणि कोणी विचारलंच तर मागाहून कारण जुळवून सांगतो. सरांनी त्या ओळींखाली कधीकाळी पट्टी धरून रेघ मारली होती. झेरॉक्समध्ये ती रेघ इतकी जाड आली होती की खालच्या ओळीला दुसरं काही म्हणायचं असतं तरी ते दिसलं नसतं.

सरांचे विद्यार्थी पुढे जिल्हाभर पसरले, स्वतः गाइड झाले, आणि पिवळ्या फाइली वाढत गेल्या. महिला सरपंचांवरच्या प्रबंधात ते पुस्तक आलं. कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, नेतृत्वात आलं. सहकारी सोसायटीच्या निवडणुकीत आलं. एकाने तर आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीवर प्रबंध लिहिला आणि त्यातही तीच ओळ घातली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाने बिचकत विचारलं, की आपल्याकडे राष्ट्रपतींना आमदार-खासदार मत देतात, तिथे बापाने कुठे मत दिलं याचा संबंध काय? उमेदवाराने सरांकडे बघितलं. सर शेजारीच बसले होते. म्हणाले, "पद तर दोन्हीकडे सर्वोच्चच आहे ना?" परीक्षकाने मान हलवली. पदवी मिळाली.

माझ्या फील्डवर्कचंही सांगायला हवं. मुकुटबनला एका वावरात कापूस वेचणाऱ्या बाईजवळ मी प्रश्नावली घेऊन उभा राहिलो. तिने वेचता वेचताच उत्तर दिलं.

"मांगच्या खेपेले ज्याले मत देलं त्यानं नाल्यावर पूल आणतो म्हटलं होतं. पूल आला, पण दोन गावं सोडून. तिकडं त्याच्या साल्याचं वावर हाये. म्हणून यंदा मी अन् माह्या जावेनं दुसऱ्याले देलं. घरच्या माणसाईले नाई सांगितलं."

मी विचारलं, "जावेनेही तेच केलं?"

"हो. आमी दोघी बोललो ना पयले."

माझ्या कागदावर चार चौकटी होत्या. जाऊ घरातलीच, म्हणून मी 'कौटुंबिक सवय' या चौकटीत खूण केली. बाई पुढच्या ओळीत सरकली आणि मी पुढच्या वावरात. असे कितीतरी लोक मला कारणं सांगत होते आणि मी त्यांच्या सवयी मोजत होतो. तेव्हा मला जराही वावगं वाटलं नाही. उलट, पुस्तक किती खरं आहे याचं नवल वाटायचं.

पदवी मिळाली, नोकरी लागली. मी तालुक्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवू लागलो आणि दरवर्षी त्या ओळीवर प्रश्न काढू लागलो. एके वर्षी कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती. आमच्या प्राचार्यांनी हुकूम काढला, की लायब्ररीत काचेच्या कपाटात मौलिक ग्रंथ मांडायचे आणि प्रत्येकापुढे त्याचा प्रभाव सांगणारी चिठ्ठी ठेवायची. शोधाशोध झाली, तेव्हा कोण्या वकिलाच्या घरच्यांनी दान दिलेल्या पेट्यांतून ते पुस्तक निघालं. अख्खं. मी ते प्रथमच बघत होतो. हातात घेतलं, वजन बघितलं, परत ठेवलं आणि चिठ्ठी लिहायला बसलो. चिठ्ठीत काय लिहायचं ते मला तोंडपाठ होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या लायब्ररीत काम करणाऱ्या बाई पुस्तक घेऊन स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान आमच्याकडे शिपाई होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी बाई लागल्या. घर सांभाळून त्यांनी बी.ए. केलं होतं. पुस्तकांवरची धूळ झाडणं, ती जागेवर लावणं आणि विद्यार्थी नुसतेच पंख्याखाली झोपत नाहीत ना ते बघणं, हे त्यांचं काम.

"सर, ह्या चिठ्ठीवर तुमीच लिवलं ना?"

"हो. का?"

"हा मानूस असं नाई म्हणत."

मी हसलो. बाईंच्या इंग्रजीची कीव आल्यासारखं ते हसू होतं, आता आठवलं की कानशिलं तापतात.

"बाई, हे जगभर मान्य झालेलं आहे."

"असंन. पण तो म्हणते का बाकीचे पंडित असं म्हणतात. मंग पुढच्या पानापासून त्याईचं खोडून काढते. पुरं पुस्तक तेच हाये."

"तुम्ही वाचलं हे?"

"डिक्शनरी घेऊन. त्या पेट्या मीच तर खोलल्या होत्या. दुपारी कोण येते लायब्ररीत?" त्यांनी पान उघडून माझ्यापुढे धरलं. "तुमीच पाहा. नाईतर समितीतल्या कोणी वाचलं तर कॉलेजची फजिती होईन."

मी उभ्याउभ्याच सत्त्याऐंशीवं पान वाचलं. ओळखीचं होतं. मग आयुष्यात पहिल्यांदा ते पान उलटलं. अठ्ठ्याऐंशीवं पान 'पण' या शब्दाने सुरू होत होतं.

मी खुर्चीवर बसलो. तास होता, गेलो नाही. आपणही इथे येताना हेच मानत होतो, असं त्या प्राध्यापकाने लिहिलं होतं. मग लोकांना भेटलो, आणि दिसलं की जवळपास प्रत्येकाकडे कारण आहे. कोणाचा रस्ता, कोणाचं धान्य, कोणाचा झालेला अपमान. विचारणारा उत्तर संपेपर्यंत थांबत नाही, इतकंच. पुढची दोनशे पानं त्या लोकांची होती. मला वाचताना मधूनमधून कापूस वेचणारी बाई दिसत होती, आणि तिच्यापुढे पेन घेऊन उभा असलेला मी.

चिठ्ठी बदलायला वेळ नव्हता. म्हणजे होता, पण मी बदलली नाही. समिती आली. एका सदस्याने काचेतून वाकून बघितलं, "वा, क्लासिक!" म्हणाला आणि मोबाइलवर फोटो काढला. फजिती वगैरे काही झाली नाही. बाईंची भीती अगदीच अनाठायी होती. वाचणारं कोणी समितीत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पुस्तक पिशवीत घालून एसटीने यवतमाळला सरांकडे गेलो. सर निवृत्त झाले होते. अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. चहा आला. मी पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. सरांनी चष्मा पुसला, सावकाश वाचलं, मग पुस्तक मिटून त्याचं कव्हर न्याहाळत राहिले.

"अच्छा, असं दिसते का हे!" ते म्हणाले.

"सर, तुम्ही पाहिलं नव्हतं?"

"अरे, मले कुठून दिसणार? मलेही माह्या गाइडनं झेरॉक्सच दिली होती. नागपूरले."

"आणि त्यांनी?"

"त्याईनं वाचलं असंन." पुस्तक माझ्याकडे परत देत ते म्हणाले, "नसंनही."

मी म्हटलं, आपण हे सांगायला हवं. इतक्या प्रबंधांत उलटंच लिहिलं गेलंय. सर रागावले नाहीत. मला वाटतं, ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"सांग ना," ते म्हणाले. "पण सुरुवात स्वतःपासून कर. आधी तुही पदवी वापस करून ये, मग आमाले सांग."

मी चहा संपवला. परतीच्या एसटीत मी पदवी परत करण्याचा विचार केला, आणि वाटेतलं राळेगाव यायच्या आत तो संपलाही.

पण निबंध लिहायचं ठरवलं. त्यावर बाईंचं नाव माझ्या नावाशेजारी घालावं असं मनात होतं, कारण शोध त्यांचा होता. प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, "लायब्ररी अटेंडंटचं नाव प्रोफेसरच्या शेजारी? लोक काय म्हणतील, तुम्ही कोणाकडून शिकता?" मी म्हणालो, "बरोबर आहे सर." हे 'बरोबर आहे सर' मी इतक्या पटकन म्हणालो की प्राचार्यही जरा चकित झाले. शेवटी तळटीपेत 'ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले' असं लिहिलं. बाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "कर्मचारी म्हणजे आमी किती जण, सर?" लायब्ररीत त्या एकट्याच होत्या.

चर्चासत्रात मी निबंध वाचला. अध्यक्षस्थानी सरांचेच एक जुने विद्यार्थी होते. मी बोलत असताना ते फोनवर होते, तोंडावर हात धरून. समारोपात ते म्हणाले, "आपल्या मित्राने आज त्या थोर ग्रंथाचं महत्त्व पुन्हा एकदा सिद्ध केलं. मतदार सवयीनेच मत देतो, हे आजही तितकंच खरं आहे." टाळ्या पडल्या. जेवणात वांग्याची भाजी झकास होती.

निबंध छापून आला. काही महिन्यांनी फुलसावंगीचा एक संशोधक प्रबंधाचं प्रकरण दाखवायला माझ्याकडे आला. त्यात ती जुनी ओळ होती, आणि तिच्या पुष्ट्यर्थ माझ्या निबंधाचा संदर्भ होता, पानाच्या आकड्यासकट.

"माझा निबंध वाचला तुम्ही?"

"सर, पयलं पान वाचलं. तुमी त्याच्यात हेच तर लिवलं."

खरंच होतं. पहिल्या पानावर मी, लोक काय मानतात ते लिहिलं होतं. त्याच्याशी भांडण दुसऱ्या पानावर सुरू होत होतं. त्या अमेरिकन प्राध्यापकाशी माझं काही नातं जडलंच असेल, तर ते इतकंच.

त्याच सुमारास बाईंनी बाहेरून एम.ए.चा फॉर्म भरला. विषय राज्यशास्त्र. परीक्षेत त्या पुस्तकावर मोठा प्रश्न आला. बाईंनी पुस्तकात आहे ते लिहिलं, सविस्तर, प्रकरणांसकट. त्या पेपरात त्या नापास झाल्या. फेरतपासणीचा अर्ज केला, तेव्हा उत्तर आलं की मूल्यमापन आदर्श उत्तराप्रमाणेच झालं आहे. आदर्श उत्तर आमच्यापैकीच कोणी तरी तयार केलेलं होतं. मला नाव कळलं नाही. मी विचारलंही नाही. ते माझंच एखादं जुनं टिपण असण्याची शक्यता मला झोंबत होती.

"मी विद्यापीठाला पत्र लिहितो," मी बाईंना म्हणालो.

"राहू द्या सर," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "तुमी पत्र लिवान, ते पयली ओळ वाचतीन."

पुढच्या खेपेला त्या पुन्हा बसल्या. प्रश्न फिरवून तोच आला होता. निकालाच्या दिवशी त्या पेढ्यांचा पुडा घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. सगळ्यांना पेढे दिले, सगळ्यांनी अभिनंदन केलं. त्या पेपरात त्यांना आमच्या केंद्रावर सगळ्यांत जास्त मार्क होते.

मी विचारलं, "काय लिहिलंत या वेळी?"

"तुमी सगळ्याईनं जे लिवलं तेच," त्या म्हणाल्या आणि पुडा पुढे केला. "घ्या ना सर. अजून एक घ्या, घरी वहिनीले न्या."

मी दोन घेतले.