वच्छलाबाईंची अट

वच्छलाबाईंनी तडजोडीला होकार दिला, तेव्हा आमच्या हिवरखेडच्या पानठेल्यावर लोक बोलले, "नवऱ्याच्या जिवाचा सौदा केला." जिभेला काय, हाड नसतं. बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या कुंपणात तेव्हाही करंट होता, म्हणून मला जास्त चीड येते.

झालं ते असं. रानडुकरं हरभरा उकरतात म्हणून शेजारच्या कुलदीपनं कुंपणाच्या तारेत वीज सोडली. पहाटे ओलिताला गेलेले शेषराव, म्हणजे बाईंचे मालक, त्या तारेला चिकटून गेले. कुलदीपवर निष्काळजीपणानं मृत्यूचा गुन्हा लागला. मृताच्या घरच्यांची संमती असली तर नागपूरला हायकोर्टात गुन्हा रद्द करून मागता येईल, असं त्याचा वकील म्हणाला. कुलदीप रडत बाईंच्या दारात आला.

"लिहून देईन," बाई म्हणाल्या, "पन आंदी शिवारातली सारी तार उतरव. तुहीच नाई, साऱ्यायची."

कुलदीप घरोघर फिरला, शिव्या खाऊन परत आला. मग बाईच त्याच्यासोबत निघाल्या. दारात उभं राहून एकच विचारायच्या, "शेषरावाची तेरवी जेवले ना? आता कोनाची जेवाची हाये?" लोकांच्या माना खाली जायच्या. तारा उतरल्या, डुकरं हाकायला रात्री पाळीपाळीनं जागल करायची ठरली.

कोर्टात न्यायमूर्तींनी त्यांना स्वतः विचारलं, "बाई, मेलेला माणूस माफ करायला येत नाही. तुम्ही कशी माफी देता?"

"म्या माफ नाई केलं, सायेब. आमच्याबी वावरात तशीच तार होती, माह्या मालकानंच लावली होती. हा मेला असता त इथं आमचा मानूस उभा असता. याले जेलात टाकलं त लोक मनतीन, गुन्हेगार सापडला, अन् तार पुन्हा जोडतीन."

हे भर कोर्टात बोलायला छाती लागते. मी मागच्या बाकावर होतो. माझे डोळे भरून आले.

गुन्हा रद्द झाला. बाहेर येताच कुलदीप पायाशी वाकला. बाईंनी पाय मागे घेतले.

"पाया नको पडू. आज जागलीची पाळी तुही हाये. तुह्या शेषरावकाकाच्या मचानावर बसजो. तिथं आता कोनी नसते."