दिनकररावांची कात्री आणि गॅसवरची यंत्रं

दिनकरराव पोळेकर यांची आणि माझी पहिली भेट माझ्या दृष्टीने फारशी अभिमानाची नव्हती. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून मी तेव्हा मामांच्या बागकामाच्या कंत्राटावर हिंजवडीला जात होतो. एका सकाळी गवत कापायचं मशीन सुरू होईना. मी सात-आठ वेळा दोरी ओढली आणि मग त्याला लाथ मारली. मामांनी मला आणि मशीनला एकाच टेम्पोत घालून मार्केट यार्डाजवळ गुलटेकडीला दिनकररावांच्या वर्कशॉपवर धाडलं.

दिनकररावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मशीन सगळीकडून पाहिलं.

"लाथ कोणी मारली?"

"बंद पडलं होतं," मी म्हणालो.

"म्हणजे लाथेच्या आधी एकच बिघाड होता."

पहिला बिघाड त्यांनी मला उघडून दाखवला. महिनाभर टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये बसला होता. दुसरा, म्हणजे फुटलेलं कव्हर, "तुझा तू नीट कर" म्हणाले. त्याला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी काही काम उरलं नव्हतं, तरी मी गेलो. त्याला आता पाच वर्षं होतील.

या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी बरेचजण दिनकररावांना 'गॅसवाले' म्हणून ओळखतात. आम्ही कामगार त्यांना मास्तर म्हणतो. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाल्यावर त्यांनी बागेच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं आणि जोडीला बागा राखण्याची कामंही घेतली. पहिली काही वर्षं तिथे फक्त पेट्रोलची यंत्रं येत. गॅसकडे ते का वळले याच्या पुष्कळ कथा सांगितल्या जातात. खरी गोष्ट नामदेवभाऊंची आहे.

नामदेवभाऊ वाशिमकडचे. वर्कशॉपमधले सगळ्यात जुने कामगार. माळी लोकांची एक सवय सगळ्यांनी पाहिली असेल. मशीनमधलं पेट्रोल संपलं की मोटरसायकलच्या टाकीत नळी घालायची, तोंडाने ओढायचं आणि धार लागली की नळी मशीनच्या टाकीत सोडायची. नामदेवभाऊंनी एकदा जरा जास्त ओढलं. दिनकररावांनी विचारलं तर म्हणाले, "काही नाही जी, तोंड कडू झालं फक्त." संध्याकाळपर्यंत त्यांना श्वास घेता येईना. पेट्रोल फुप्फुसात गेलं होतं. ते वाचले, पण मशीनमागे चालण्याचं काम त्यांच्याकडून पुन्हा झालं नाही. आज ते वर्कशॉपमध्ये बसून पात्यांना धार लावतात आणि जिना चढताना मध्ये थांबतात. दिनकररावही त्यांच्याबरोबर थांबतात. कारण विचारलं तर म्हणतात, "माझेही गुडघे दुखतात." ते दुखत नाहीत, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर दिनकररावांनी प्रोपेनवर चालणारी यंत्रं करायला घेतली. प्रोपेन म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद. छोटी बाटली, रेग्युलेटर, जाड नळी आणि त्याला जुळणारं चार स्ट्रोकचं इंजिन. घरातलं सिलिंडर घेऊन कोणी आला तर ते त्याला आल्या पावली परत पाठवतात. गिऱ्हाइकाला यंत्राचे गुण सांगण्याआधी दोष सांगायची त्यांची पद्धत आहे. बाटलीचं वजन होतं. जोर पेट्रोलपेक्षा थोडा कमी. आवाज तेवढाच. गॅस संपला तर कोपऱ्यावरच्या पंपावर भरून मिळत नाही.

"मग घ्यायचं कशाला?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की सांगतात, "धूर कमी. सांडत नाही. महिनाभर पडून राहिलं तरी आतून चिकटत नाही. आणि तोंडानं ओढता येत नाही. मला हा शेवटचा गुण पुरे."

एकदा मी त्यांना म्हणालो की पुढे सगळं बॅटरीवर येणार, मग आपली ही खटपट फुकट नाही का? ते म्हणाले, "येऊ दे की. माझं भांडण पेट्रोलशी आहे, बॅटरीशी नाही."

माझं शिक्षण अर्धवट राहिल्याबद्दल त्यांनी मला कधी उपदेश केला नाही. फक्त एक वही दिली आणि रेग्युलेटर आतून कसा चालतो त्याचं चित्र काढायला सांगितलं. मी अर्धं काढून ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी वही पुन्हा माझ्या डब्याशेजारी. "कॉलेज सोडलंस, हरकत नाही. चित्र सोडू नकोस." अशी चोवीस चित्रं त्या वहीत आहेत.

वर्कशॉपचे नियम दोनच. पहिला, दोरी ओढण्याआधी प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावायचं. त्यासाठी दिनकररावांचा दाढीचा जुना ब्रश आहे. कुठे बुडबुडा आला तर गॅस गळतोय असं समजायचं आणि यंत्र बंद ठेवायचं. दुसरा नियम मी इतर कुठे पाहिलेला नाही. रोज सकाळी ते प्रत्येकाला विचारतात, "आज डोकं कसं आहे?" ज्याचं तापलेलं असेल त्याने त्या दिवशी बाटलीला हात लावायचा नाही. त्याला कात्री मिळते आणि त्याने मेंदीचं कुंपण हाताने कापायचं. खोटं बोलून चालत नाही, ते चेहरा बघतात. पहिल्या वर्षी मी बहुतेक मेंदीच कापली. मृण्मयीने, म्हणजे कॉलेजात माझ्या वर्गात असलेल्या आणि पुढे हिंजवडीत नोकरीला लागलेल्या मुलीने, माझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही की दुसऱ्या दिवशी माझ्या हातात कात्री असे. दिनकररावांनी कारण कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यातला एक रविवार मात्र सविस्तर सांगायला हवा. हिंजवडीच्या एका मोठ्या सोसायटीने गॅसवरचं मशीन चालवून दाखवायला बोलावलं होतं. या बागेने गॅस घेतला तर आजूबाजूच्या सोसायट्या आपणहून येतील, असं दिनकररावांना वाटत होतं आणि त्यासाठी तीन वर्षं ते खेटे घालत होते. मृण्मयी त्याच सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर राहते. मी नवा शर्ट घालून गेलो होतो.

कमिटीचे सेक्रेटरी बाटलीकडे बघत म्हणाले, "आजोबा, हा तर स्वयंपाकाचा गॅस. आमच्या लॉनवर भजी तळणार का?"

"गवत कापून झालं की बघू," दिनकरराव म्हणाले. लोक हसले. इथवर ठीक होतं.

मी साबणाचं पाणी कालवायला लागलो तसे सेक्रेटरी पुन्हा म्हणाले, "केवढा हा पसारा! आमचे सोपानकाका बघा. नळी लावतात, तोंडानं ओढतात, पाच मिनिटांत मशीन चालू. इतकी वर्षं झाली, काही होत नाही त्यांना."

सोसायटीचे माळी सोपानकाका शेजारीच उभे होते. कौतुक झाल्यासारखे ते हसले.

दिनकररावांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. हातातला पाना त्यांनी माझ्याकडे दिला, पिशवीतून कात्री काढली, "चालू दे तुझं" म्हणाले आणि मेंदीकडे गेले. सेक्रेटरींना वाटलं, म्हातारबुवा कंटाळले. मला अर्थ कळला. इतक्या वर्षांत त्यांच्या हातात कात्री मी पहिल्यांदा पाहत होतो.

मी एकेका जोडाला ब्रश लावला. रेग्युलेटरपाशी एक बुडबुडा आला. मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा. आतला वॉशर चिरला होता आणि दुसरा गुलटेकडीला राहिला होता. बुडबुडा माझ्याशिवाय कोणी पाहिला नव्हता. वर बाल्कनीत मृण्मयी चहाचा कप घेऊन उभी होती. दोरी ओढली असती तर मशीन चालू झालं असतं. बहुधा काही झालंही नसतं. पण 'काही होत नाही' हे मी नुकतंच सेक्रेटरींच्या तोंडून ऐकलं होतं.

मी बाटली बंद केली. "आज चालणार नाही. इथून गळतंय."

"म्हणजे बिघडलेलं आणलंत?" सेक्रेटरी म्हणाले. "कमाल आहे!"

मी पाना खाली ठेवला आणि मेंदीकडे गेलो. दिनकररावांनी मान वळवली नाही.

"फेस आला?"

"आला."

"मग?"

"बंद केलं."

"आणि डोकं?"

"तापलंय."

त्यांनी पिशवीत हात घालून दुसरी कात्री काढली. "मग पलीकडून ये."

आम्ही दोघांनी ते अख्खं कुंपण कापलं. मी मध्ये एकदा वर पाहिलं तेव्हा बाल्कनी रिकामी होती.

पुढच्या रविवारी नवा वॉशर घालून मशीन चालवून दाखवलं आणि ते नीट चाललं. कमिटीत मतभेद झाले आणि पुण्याच्या रीतीप्रमाणे निम्मी बाग गॅसला, निम्मी पेट्रोलला मिळाली. दिनकररावांनी निघताना सोपानकाकांना बाजूला घेतलं आणि नळीला लावायचा हातपंप त्यांच्या हातात ठेवला. "निम्म्या बागेला पेट्रोल लागणारच ना? हा दाबायचा, म्हणजे धार लागते. तोंड जेवायला ठेवा." सोपानकाका आता तो पंप वापरतात. मी दर आठवड्याला बघतो, कारण त्या सोसायटीचं काम मी दुसऱ्या कोणाला देत नाही. "तिथली मेंदी पुण्यात सगळ्यात सरळ का, ते मला माहीत आहे," एवढंच दिनकरराव एकदा म्हणाले आणि चहा मागवला.

त्या पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारी ते नेहमीप्रमाणे सगळ्यांना विचारत आले आणि माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "मला इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही. काल ते माझ्या लक्षात आलं. आजपासून तू विचारायचं."

मी विचारलं, "मास्तर, आज डोकं कसं आहे?"

"तुझ्यापेक्षा बरं," ते म्हणाले आणि ब्रश घेऊन कामाला लागले.

दिनकरराव आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना उत्तम आरोग्य लाभो, नामदेवभाऊंबरोबर जिन्यात थांबण्याइतकी सवड त्यांना सदैव असो आणि कात्री त्यांच्या हाती क्वचितच यावी. रोज सकाळी हा प्रश्न विचारण्याचं काम माझ्याकडे आहे. ते पुढची पुष्कळ वर्षं माझ्याकडे राहावं आणि दर वेळी मला तेच उत्तर मिळावं.