ग्लाफिरामावशीची कानस

आमच्या वस्तीला नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. रुळाकडेच्या दगडावर दोनशेसात लिहिलंय, म्हणून आम्ही दोनशेसातवाले. झाडं पाडायची, ओंडके मालगाडीच्या वाघिणींत भरायचे, एवढाच धंदा. आणि इथल्या यच्चयावत करवतींना धार लावायची ती ग्लाफिरामावशीनं. चाळीस वर्षं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला तरी बाई ऐकेना.

"धार कानाला कळते, प्रोखोर," मला म्हणायची. "डोळे काय, सिनेमा बघायला लागतात."

खरं सांगायचं तर दोन वर्षं आम्ही सगळे गडी तिच्याकडून करवत आणायचो आणि घरी दार लावून पुन्हा घासायचो. बोललं कुणीच नाही. तिच्या हातातली कानस काढून घेतली असती, तर म्हातारी महिन्याभरात खचली असती.

वर्षभर थांबल्यावर शहरातून ऑपरेशनची तारीख आली. ही चुकली की पुन्हा वर्ष, आणि तोवर डोळे वाचतील याची डॉक्टर खात्री देईनात. गाडी गुरुवारी, थांबणार दोन मिनिटं.

निघण्याआधी, वाट सुखाची व्हावी म्हणून, आमच्या रीतीप्रमाणे सगळे तिच्या घरात मिनिटभर गप्प बसलो. बाकीचे उठले, मावशी बसूनच.

"उठ गं, अंडी उबवतेस काय?" शेजारची आगाफ्या म्हणाली.

कशीबशी उठवली. अर्ध्या वाटेत हिला आठवलं, डॉक्टरचा कागद चुलीवरच्या फळीवर राहिला. मी म्हटलं, मी आणतो. पण तिला परत फिरायला निमित्तच हवं होतं. मी मागोमाग गेलो.

आता, निघालेला माणूस घरात परत आला की आरशात बघूनच बाहेर पडतो, नाहीतर वाट बिघडते. मावशी आरशासमोर उभी राहिली. बाहीनं काच पुसली. परत पुसली.

"आगाफ्यानं काय लोणी फासलंय का याला?"

काच लख्ख होती. मला आम्ही दोघं दिसत होतो.

"प्रोखोर, मी आहे का रे यात?"

"आहेस. रुमाल तेवढा वाकडा झालाय."

तिनं चाचपून रुमाल सरळ केला. कागद मुठीत धरला.

"चल," म्हणाली.

धावत फलाटावर आलो तेव्हा गाडी सुटायच्या बेतात होती. मी पायरीवर पाय ठेवून उभा राहिलो.

"पाय काढा, आजोबा," डब्यावरची तिकीट तपासणारी बाई म्हणाली.

"काढतो की. ही चढू दे."

पंधरा दिवसांनी मावशी उतरली ती घरी न जाता थेट माझ्या पडवीत. खुंटीवरची करवत काढून उजेडात धरली. एकेक दाता बघत गेली.

"ही धार माझ्या हातची नाही."

मी पडवीतला ओंडका तिला बसायला सरकवला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"सगळेच?"

"सगळेच."

बराच वेळ तिनं दात्यांवरून अंगठा फिरवला.

"डावीकडचे दाते बुटके ठेवलेस. वाकडी कापत असेल."

"कापते."

"मेल्यांनो," ती हळूच म्हणाली. रुमालाच्या टोकानं डोळे पुसले. औषधाचं पाणी येतं म्हणे. मग तिनं हात पुढे केला.

"कानस दे. चहा ठेव. आणि आगाफ्याला सांग, एकूणएक करवत आज इथं आली पाहिजे."