चढणाऱ्याची वाट

माझ्या दादाला आणि त्याच्या दोन दोस्तांना कुणी विचारलं असतं ना, तर पेठ रोडवरच्या चहाच्या टपरीवर बसून त्यांनी अख्ख्या देशाची वाहतूक सरळ केली असती. नव्वदच्या दशकात नव्या नव्या गाड्या यायला लागल्या होत्या आणि हे तिघं त्यांची कात्रणं जपायचे. दादाची स्वप्नातली गाडी ठरलेली. काळी, लांबलचक, जर्मन. तिचं चित्र त्यानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, थेट देवाच्या फोटोशेजारी. नियमही तोंडपाठ. "घाटात चढणाऱ्याला पहिली वाट. उतरणाऱ्यानं थांबायचं. समोर कुणी का असंना!" हे मला त्यानंच शिकवलं, आमच्या जुनाट जीपवर.

कारण मला ती जीप हवी होती. आमच्या वडिलांना, अण्णांना, मोतीबिंदूमुळे दिसेना, दादाला सातपूरच्या कारखान्यात पहिली पाळी लागली. आता रोज सकाळी पंचवटीच्या बाजारात टोमॅटो कोण नेणार? मी म्हटलं, मी नेते. घरात हशा पिकला. अण्णा तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "पेठकडनं टोमॅटोच्या मांडवाला बांबू आणायचे हायेत. तू चालव, हा तुझा दादा शेजारी बसंल. ह्याचा हात स्टिअरिंगला लागला, तर उद्याच ड्रायव्हर ठेवतो."

जाताना ठीक गेलं. येताना टपावर बांबू, त्यांना मागे लाल फडकं, आणि घाटात दरड पडून रस्ता अर्धाच उरलेला. त्या अरुंद तुकड्याच्या मध्यावर मी पोचले आणि वरून एक गाडी आत घुसली. काळी. लांबलचक.

"आईशप्पथ," दादा म्हणाला.

समोरच्यानं दिवे मारले, मग हॉर्नवर हातच ठेवला. मी हँडब्रेक ओढला.

"मागं घे," दादा म्हणाला.

"का म्हणून? मी चढतेय."

"अगं, गाडी बघ ना कुठली हाय!"

"दिसतेय. आपल्या कपाटात हाय ती."

"बांबू घासला तर? मागं घे म्हणतो ना!" आणि त्याचा हात स्टिअरिंगकडे आला. मी फाडकन त्या हातावर चापट मारली. असला संताप आला होता मला! वर्षभर डोकं खाऊन शिकवलेला नियम, आणि चकचकीत बॉनेट दिसल्याबरोबर विसरला? खरं सांगते, भीतीही वाटत होती. एका बाजूला दरी, आणि मागे लोंबणाऱ्या बांबूंमुळे मागचं काही दिसत नव्हतं. पण दरी नसती तरी मी हटले नसते.

गाडीवाले साहेब उतरून आले. गॉगल, पांढरे बूट. "ओ बाई, गाडी मागे घ्या."

"साहेब, चढणाऱ्याची वाट आधी."

"तुम्ही मला शिकवणार?"

"मला ह्यानं शिकवलंय. त्यालाच विचारा."

दादाचं लक्ष त्या चकचकीत बॉनेटवरच. तेवढ्यात आमच्या मागे एसटी येऊन थांबली. तिच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "ओ गॉगलवाले! बरोबर बोलतीय ती. घ्या की वर!"

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. त्यांचा ड्रायव्हर रजेवर होता आणि घाटात रिव्हर्स घ्यायची त्यांना सवय नव्हती. दादा जीपमधून कधी उतरला, कळलंसुद्धा नाही. "मी घेतो, साहेब. ह्या गाडीचं सगळं ठाऊक हाय मला." आत बसण्याआधी त्यानं चपला झटकल्या. मग इंच इंच करत ती गाडी मागे मागे नेली, वळणापलीकडे, रुंद जागेपर्यंत.

इकडे जीपमध्ये मी एकटी. अंगावर चढ, टपावर बांबू, पाठीशी माणसांनी भरलेली एसटी. हाफ क्लच धरून हँडब्रेक सोडला. जीप वीतभर मागे सरकली, मी ॲक्सिलरेटर दाबला, आणि मग तिनं चढ घेतला. काळ्या गाडीजवळून गेले तेव्हा दादानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तो स्टिअरिंगवरून हात फिरवत होता.

घरी अण्णा ओट्यावरच बसले होते. "लागला का ह्याचा हात?"

दादानं हाताची पाठ पुढे केली. "लागणार व्हता. त्याच्या आधीच हाणला ह्या बयेनं. घाटात एका गाडीसमोर अडून बसली, मागं घेईना."

अण्णांनी किल्ली माझ्यासमोर धरली. "एवढं अडून बसलीस व्हय? समोर कोण व्हतं गं?"

"कुणी का असंना, अण्णा," मी म्हटलं. "मी चढत होते."